व्रताची पितळी

हे लिहिणं कोणाचं भलं व्हावं म्हणून आहे, असं म्हटलं तर ते अर्धंच खरं होईल. उरलेलं अर्धं सूड म्हणून आहे. ज्याच्यावर सूड घ्यायचा तो माणूस आता नाही, पण माझा राग अजून त्याच्या मागोमाग मसणवट्यापर्यंत जातो आणि परत येतो. तेव्हा दोन्ही एकाच कागदावर येऊ द्या.

परवा आमच्या हसनाबादच्या गल्लीतली एक सून नवऱ्याला जालन्याच्या दवाखान्यातून घेऊन आली. मी विचारलं, काय म्हणाले डॉक्टर? ती म्हणाली, "मला काय म्हाईत, मामंजीला सांगितलं त्यांनी." उशाशी बसणार ही, थुंकी काढणार ही, भरवणार ही, आणि सांगितलं मामंजीला. मी त्या पोरीला बैल सोडायच्या आत पुन्हा गाडीत बसवलं आणि म्हटलं, आत जा, स्वतः विचार, मगच घरात पाय ठेव. तिचा सासरा माझ्यावर चिडला. चिडू दे. मला कोणी असं माघारी धाडलं असतं तर माझी लेक मैना आज लग्नाची झाली असती.

दवाखान्याची खिडकी

आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, उन्हाळ्यात खोकला लागला तो गेलाच नाही. अडुळशाचा काढा झाला, ज्येष्ठमध झाला, छातीला तेल चोळून झालं. अंगावरचं मांस उतरत चाललं आणि संध्याकाळ झाली की ताप. मग एक दिवस धोतराच्या सोग्याला रक्त दिसलं, तेव्हा आबांनी गाडी जुंपली.

आबा म्हणजे माझे भाया, मालकांचे थोरले भाऊ. घरात त्यांचा शब्द शेवटचा. उंचपुरा माणूस, डोक्याला लाल पटका, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर बैल कान टवकारायचे. भायासमोर धाकट्या भावजयीनं तोंड उघडायचं नाही अशी रीत. त्यांना काही सांगायचं झालं तर जाऊबाईंना सांगायचं, मग त्या सांगणार. इतकी वर्षं एका घरात राहून त्यांनी माझा चेहरा कधी नीट पाहिला नसेल.

जालन्याला पोहोचलो तेव्हा दवाखान्यासमोर लिंबाच्या सावलीत गाड्याच गाड्या होत्या. आबा आणि मालक आत गेले. मी मैनाला मांडीवर घेऊन गाडीत बसले. बायांनी आत जायचं नाही असा दवाखान्याचा नियम नव्हता, आबांचा होता.

गाडीतून एक खिडकी दिसत होती. थोड्या वेळानं डॉक्टरांनी मालकांना बाहेरच्या बाकावर पाठवलं आणि आबांना समोर बसवलं. रोग्याला रोगाचं नाव सांगायचं नाही, घरच्या मोठ्याला सांगायचं, अशी तेव्हाची पद्धत. ऐकू काहीच येत नव्हतं, पण डॉक्टर हातवारे करून बोलत होते ते दिसत होतं. त्यांनी हवेत एक गोल काढला आणि तो दोन हातांनी बाजूला ठेवला. मग रुमाल तोंडावर धरला. मग हात जमिनीपासून थोडा वर धरला, एवढंसं कोणीतरी दाखवावं तसा, आणि तोच हात लांब ढकलला. हे शेवटचं त्यांनी दोनदा केलं. मला वाटलं, आपल्या घरच्या लेकराची काही गंमत सांगत असतील. मी मैनाला खिडकी दाखवली आणि म्हणाले, बघ, डॉक्टर तुझ्याएवढं बाळ दाखवून राह्यले.

आबा बाहेर आले. बैलांच्या माना थोपटल्या आणि आमच्याकडं पाठ करून म्हणाले, "छातीत कफ साचलाय. दूध-तूप खाऊ घालायचं अन् सेवा करायची. बरं व्हईल."

सेवा करायची, एवढं माझ्यापर्यंत पोहोचलं.

चातुर्मास

त्याच महिन्यात आबांनी चातुर्मासाचं व्रत धरलं. घरात आधी कोणी एवढं कडक व्रत धरलं नव्हतं. जेवायला त्यांची स्वतःची पितळी, पाण्याला स्वतःचा तांब्या, दोन्ही वेगळ्या फळीवर, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. पंगतीला बसायचं नाही. झोपायला मळ्यातल्या खोपीत. भावाला भेटायला आले की उपरणं नाकातोंडावर गुंडाळलेलं, कारण म्हणे मौन. दाराच्या उंबऱ्यातूनच हातानं विचारायचे, कसं हाय? आणि जायचे. लेकरांना शिवायचं नाही. स्वतःची लग्नाला आलेली मुलगी गोदा आणि तिचा धाकटा भाऊ, दोघांना त्यांनी मामाकडं पाठवून दिलं, घरात बापाचं व्रत आणि काकाचं दुखणं, पोरांची आबाळ नको म्हणून.

गावात केवढं नाव झालं. धाकट्या भावासाठी थोरल्यानं स्वतःला कसं बांधून घेतलंय बघा, असं म्हणत बाया त्यांच्या पाया पडून जायच्या. मीही पडले. ती पितळी घासून फळीवर उन्हात चमकायची, तर येता जाता मी तिला हात जोडायची. हे लिहिताना आजही माझे दात आवळले जातात.

मैना नुकती पळायला लागली होती. आबा अंगणात दिसले की दोन्ही हात पसरून त्यांच्याकडं धावायची. ते मागं सरकायचे. "शिवू नको, व्रत हाय." पोरीला तो खेळच वाटला. ती वासराला सांगायची, मांजराला सांगायची, "शिवू नको, वलत हाय." आम्ही सगळे हसायचो. मालक तर खोकला येईपर्यंत हसायचे.

आणि मी? मी मालकांच्या ताटात जेवत होते. नवऱ्याच्या उष्ट्या ताटात जेवणं हे माझ्या आईनं शिकवलं होतं, तिच्या आईनं तिला. जाऊबाईही त्यांच्या नवऱ्याच्या, त्या व्रताच्या पितळीत जेवायच्या. बायकोला मनाई नव्हती. ती पितळी गावात सगळ्यात स्वच्छ. मालकांच्या वाटीत दूध उरायचं, त्यांना अर्ध्याच्या वर जात नसे. दुखणेकऱ्यासाठी राखलेलं दूध, ते टाकायचं कसं? ते मैनाला.

आबा उंबऱ्यात उभे असताना मी तिला ती वाटी तोंडाला लावलेली आहे. ते बघत होते. उपरणं नाकावर होतं, म्हणून फक्त डोळे दिसत होते. त्यांनी काही म्हटलं नाही, कारण मौन होतं.

मैना

याबद्दल जास्त लिहिणार नाही. पोर चिडचिडी झाली, मग सुस्त झाली, मग मान ताठ झाली. म्हाताऱ्या म्हणाल्या, दृष्ट लागली. मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. ती बापाच्या आधी गेली. मालक थंडी सरता सरता गेले. लेकीला मूठमाती द्यायला आबा आले तेव्हाही तोंडावर उपरणं होतं, आणि लोक म्हणाले, एवढ्या दुःखातसुद्धा माणसानं व्रत मोडलं नाही.

डॉक्टर विचारतात

वर्ष व्हायच्या आत मला खोकला लागला. जुन्या जालन्यात माझा भाऊ कापडाच्या दुकानात कामाला. त्याला कळलं तसा तो आला आणि आबांना न विचारता मला घेऊन गेला. तेच लिंबाचं झाड, तेच डॉक्टर, पण या खेपेला मी खिडकीच्या आत होते.

डॉक्टर हैदराबादकडचे मुसलमान, बोलणं सगळं दखनी. छाती तपासली, थुंकी भिंगाखाली पाहिली, गाव विचारलं. हसनाबाद म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "लाल पटकेवाले के घर से? उनके भाई कू लाए थे?" मी मान हलवली. मग ते माझ्या भावाकडं आणि माझ्याकडं असे बघायला लागले की मला वाटलं माझंच काही चुकलं.

"तुमकू किसी ने कुछ बोला नहीं?" ते म्हणाले. "मैंने तो बड़े भाई कू सब समझाया था. रोगी का बर्तन अलग." त्यांनी हवेत गोल काढून बाजूला ठेवला. "पास जाना तो मुँह पे कपड़ा. सोना अलग, खुली हवा में." रुमाल तोंडाशी नेला. मग हात खाली नेला, जमिनीपासून थोडा वर. "और छोटे बच्चे कू तो बिलकुल दूर." आणि हात लांब ढकलला.

मी म्हणाले, पुन्हा सांगा. त्यांना वाटलं मला बोली कळली नाही. त्यांनी पुन्हा सगळं सांगितलं, सावकाश. ते भांडं म्हणाले की मला फळीवरची पितळी दिसत होती. कपडा म्हणाले की उपरणं. खुली हवा म्हणाले की मळ्यातली खोप. लहान बच्चे म्हणाले तेव्हा गोदा आणि तिचा भाऊ मामाच्या गावाला निघालेल्या गाडीत बसलेले दिसले, दोघांच्या हातात गुळाचा खडा, आणि मैना त्या गाडीमागं धावत होती.

डॉक्टरांनी सांगितलेला एकूण एक शब्द आबांनी पाळला होता. फक्त स्वतःपुरता पाळला होता.

त्या दिवशी मला कळलं की मला क्षय आहे, आणि आबांना सगळं ठाऊक होतं. क्षयाची भीती वाटायला मला पुढं कितीतरी दिवस सवडच झाली नाही.

ओटा

दवाखान्याच्या मागच्या बाजूला लांबलचक ओटा होता, वर पत्रे, तिन्ही बाजू उघड्या. तिथं आम्हा बायांच्या खाटा. काम एकच, पडून राहणं. सकाळी दूध आणि अंडं, मग माशाचं तेल, त्याचा वास दिवसभर तोंडातून जात नसे, दुपारी भाजी-भाकरी, पुन्हा दूध. चालायचं नाही, मोठ्यानं बोलायचं नाही, रडायचंही नाही. प्रत्येकीची जर्मलची, म्हणजे ॲल्युमिनियमची, वाटी वेगळी, थुंकीचं झाकणाचं भांडं वेगळं.

कोणी देवाचं नाव घेऊन दिवस काढत होतं, कोणी लेकरांचं. माझी लेकरं संपली होती. मी आबांचं नाव घेऊन अंडं गिळायची. हा माणूस जिवंत आहे, मळ्यात गार वाऱ्याला झोपतोय, आणि मी इथं मरून गेले तर त्याला तोंडावर विचारणार कोण? भूक नसली तरी मी खात होते. वजन वाढलं तसे डॉक्टर खूश झाले. त्यांना वाटलं तेलानं वाढलं.

शेजारच्या खाटेवर हलीमाबी होती. तिनं एकदा विचारलं, "दिनभर क्या सोचते जी तुम?" मी म्हटलं, भाया का गला. ती इतकी हसली की तिला ठसका लागला आणि आम्हा दोघींना बोलणी बसली. तिचा नवरा कल्हई करणारा, रोज संध्याकाळी येऊन ओट्याखाली लांब बसायचा. डॉक्टर आले की तो उठून उभा राहायचा आणि विचारायचा: काय खायचं, काय नाही, कपडे कसे उकळायचे, घरी नेल्यावर लेकरं किती लांब ठेवायची. एकदा विचारून झालं की पुन्हा विचारायचा. डॉक्टर वैतागायचे. मी तिला म्हटलं, किती डोकं खातो गं तुझा नवरा. ती म्हणाली, "खाने दो. मेरी जान का सवाल है." ती बरी होऊन घरी गेली. जाताना तिनं आपली गोधडी मला दिली, आधी उन्हात दोन दिवस घालून.

दवाखान्यातून निघाल्यावर काही महिने मी भावाकडं राहिले. भावजय घाबरत होती, तिची दोन लहान लेकरं. भावानं तिला डॉक्टरांसमोर नेऊन उभं केलं. परत आल्यावर तिनं माझी वाटी वेगळ्या खुंटीला टांगली आणि लेकरांना माझ्या खोलीच्या दारात एक रेघ ओढून दाखवली. ती रेघ बघून माझा अपमान झाला नाही. लेकरं रेघेवर बसून मला गोष्टी सांगायची. याच दिवसांत भावानं पाटी आणून मला अक्षरं शिकवली, त्यामुळं आज हे लिहिता येतंय.

भाया बोलतात

बरी झाल्यावर मी हसनाबादला परत गेले. भाऊ म्हणाला, काहून जातेस त्या घरात? मी म्हटलं, माझं घर आहे.

आबा ओसरीवर बसले होते. व्रत कधीच सुटलं होतं. मी पदर हनुवटीपर्यंत ओढला नाही. त्यांच्यासमोर उभी राहिले आणि लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

"आबा, डॉक्टरांनी हात असा केल्ता," मी म्हणाले आणि हात जमिनीपासून वर धरून लांब ढकलला. "मी गाडीतून पाह्यलं व्हतं. तवा कळलं न्हाई. आता कळलं."

जाऊबाई दारात थिजल्या. आबा जोड्यांकडं बघत म्हणाले, "गोदाच्या लग्नाचं वाटूरला बोलणं चालू व्हतं. क्षयाचं घर म्हणल्यावर कोण पोरगी करून घेईल? एकाच्या कानावर गेलं की गावभर व्हतं."

"मला सांगायचं. मी गावभर केलं नसतं."

"तुला सांगितलं असतं तर तू लेकरू घिऊन माहेरी गेली असतीस. मंग भावाचं कोणी केलं असतं?"

"लेकरू ठिवून परत आले असते," मी म्हणाले. "तुम्ही विचारलं कुठं?"

मी ठरवलं, वाटूरला जायचं आणि गोदाच्या सासऱ्याला सगळं सांगायचं. ज्या लग्नासाठी माझी पोर गेली ते लग्न मोडलेलं आबांनी डोळ्यांनी पाहावं. पण त्याच आठवड्यात गोदा बाळंतपणाला आली. पोट पुढं घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "काकू, माझी येणी घाल ना, तुझ्यासारखी कोणालाच येत न्हाई." तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिची वेणी घालायला बसले. वाटूरला गेले नाही. सूड घ्यायचा तर तो आबांवरच पडला पाहिजे, इकडंतिकडं सांडता कामा नये.

तोच खोकला

गोदा बाळाला घेऊन सासरी गेली. बाळ पाय टाकायला लागलं असेल, त्या सुमारास भिंतीपलीकडून मला आबांचा खोकला ऐकू आला. घरात कोणाला काही वाटलं नाही, पण मी तो आवाज हजार खोकल्यांतून ओळखेन. व्रत धरायच्या आधीच भावाकडून लागला होता, का दुसरीकडून कुठून आला, देव जाणे. आबा म्हणायचे, सर्दी हाय. थुंकले की पायानं माती ओढायचे.

मी जाऊबाईंना सांगितलं, त्यांच्या आता हाताशी आलेल्या मुलाला सांगितलं आणि गाडी जुंपायला लावली. आबा नको म्हणत होते. मी आधीच गाडीत बसले होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी आबांना तपासून बाहेर बसवलं आणि मुलाला आत बोलावलं. मी त्याच्या आधी आत गेले. "सेवा कौन करेगा?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, मी. त्यांनी मला ओळखलं. मग सगळं नीट सांगितलं, आणि मी हलीमाबीच्या नवऱ्यासारखं एकेक पुन्हा विचारलं.

सेवा मीच का घेतली, असं लोक विचारतात. जाऊबाई घाबरत होत्या, आणि मला हे दुखणं आतून-बाहेरून माहीत होतं, हे खरं. पण खरं कारण मला तेव्हाही ठाऊक होतं. असा सूड रोज घ्यायला मिळतो, तीन वेळा, गरम गरम.

परतीच्या वाटेवर आबा हळूच म्हणाले, "घरी खोकलाच सांग. पुढल्या हप्त्यात गोदाच्या सासरचे येऊन राह्यले. नातवाला घिऊन."

"न्हाई आबा. यंदा मी ऐकलंय, मीच सांगणार."

घरी आल्यावर अंगणात उभं राहून मी घरातल्या सगळ्यांना सांगितलं, सालगड्याला आणि त्याच्या बायकोलाही. रोगाचं नाव घेऊन सांगितलं. मग फळीवरून तीच पितळी काढली, राखेनं घासली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. "हे तुमचं. आता पुढं चालवा," मी म्हणाले. त्यांनी पितळीकडं पाहिलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी जेवले.

मी त्यांना उपाशी ठेवलं नाही, हेही लिहून ठेवते. दूध, अंडी, खाट दिवसभर उन्हात, सगळं वेळच्या वेळी. तोंडाला पदर बांधून जायची. त्या घरात पुन्हा कोणाला तो रोग झाला नाही.

वाटूरची माणसं

गोदा, तिची सासू, तिचा सासरा, तिघं गाडीतून उतरले. सासरा धिप्पाड, मिशा पांढऱ्या, वाटूरला चार लोक त्याचं ऐकणारे. आबा ओसरीच्या कडेला खाटेवर उन्हात बसले होते, अंगावर धाबळी. गोदानं बाळाला खाली सोडलं. ते दोन पावलं डुलत चाललं, आजोबा दिसले तसे त्यानं दोन्ही हात पसरले आणि धावत सुटलं.

आबांचेही हात वर आले. सगळे कौतुकानं बघत होते. मी मध्ये जाऊन बाळाला उचललं.

"आबाला शिवायचं न्हाई, बाळा."

गोदाच्या सासऱ्यानं भुवया वर केल्या. आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग पाहुण्यांकडं, आणि घाईनं म्हणाले, "व्रत हाय माझं. कडक हाय."

तो शब्द त्यांच्या तोंडून पुन्हा निघाला नसता तर कदाचित मी बाजूला नेऊन हळू सांगितलं असतं. सांगता येत नाही.

"व्रत न्हाई," मी म्हणाले. "क्षय हाय. धाकट्या भावाला झाल्ता, तवाही व्रतच सांगितलं. माझी पोर त्यात गेली. मलाही झाल्ता, मी बरी झाले."

गोदाचा चेहरा पांढरा पडला. आणि मी, बाळ कडेवर घेऊन, वाट बघत होते. गोदाचं काय होईल अशी भीती मला होती हे खरं, पण त्याहून जास्त मला तो माणूस उठायला हवा होता. त्यानं पटका सावरावा, गाडी वळवावी, सून दारात सोडून जावं, आणि आबांनी ते खाटेवरून बघावं. ओट्यावर मी अंडी गिळली होती ती यासाठीच.

गोदाच्या सासऱ्यानं चेहऱ्यावरून हात फिरवला. "कवापासून?" तो म्हणाला.

मी सांगितलं.

"मंग आता काय काय करावं लागतंय?"

मला प्रश्न कळलाच नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मग मी सांगायला लागले: भांडं वेगळं, थुंकी झाकून राखेत आणि मग जाळायची, कपडे उकळायचे, जवळ जाताना तोंडाला फडकं. तो मान हलवत होता आणि अडलं तिथं विचारत होता, उकळायचे म्हणजे किती, फडकं रोज धुवायचं का. "लेकराला बिलकुल जवळ आणायचं न्हाई," मी म्हणाले. "गोदा दुरून बोलली तर चालंल."

"बराबर हाय," तो म्हणाला. "माझ्या चुलत्याला झाल्तं. आम्हाला कोणी सांगितलंच न्हाई. घरातली दोन माणसं गेली." मग बायकोकडं वळून म्हणाला, "लेकरू तू घिऊन बस तिकडं लिंबाखाली. गोदा, बापाला इथूनच नमस्कार कर."

एवढंच झालं. गोदानं अंगणातून नमस्कार केला आणि पदर डोळ्यांना लावला. सासूनं लिंबाखाली पटकूर पसरलं, पण बाळ माझ्या कडेवरून उतरेना. सासऱ्यानं चहा मागितला, बशीत ओतून प्याला, पिकाची चौकशी केली. दुपारी जेवले, पोटभर जेवले. ना कोणी उठून गेलं, ना गाडी वळवली. वाटूरचं घर गोदाचं होतं आणि गोदाचंच राहिलं.

चहा चालला होता तेव्हा आबा हे सगळं खाटेवरून बघत होते. मला जे पाहिजे होतं ते घडलं नाही, म्हणून मी त्यांच्याकडं वळले, आणि त्यांचा चेहरा पाहिला. त्यांना कळलं होतं. मैनाएवढं लेकरू माझ्या कडेवर होतं, त्याचे हात अजून त्यांच्याकडं पसरलेले होते, आणि आबा एकदा त्या हातांकडं आणि एकदा लिंबाखाली बशी तोंडाला लावून बसलेल्या त्या माणसाकडं बघत होते.

"इतकंच व्हतं, आबा," मी म्हणाले. "एवढंच सांगायचं व्हतं."

ते भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. मी बाळाला गोदाकडं दिलं, तोंडाला पदर बांधून दुधाची पितळी त्यांच्या हाताजवळ सरकवली आणि बाळाला पुन्हा कडेवर घेऊन अंगणात उन्हात गेले.